उबेचे कपाट: काही टिपणे

१
ऑपरेशन थिएटरचा कॉरिडॉर. हात धुण्याच्या नळांपलीकडे स्टीलचे एक कपाट, दाराला काच, वर लाल आकडे. वरच्या कप्प्यात घडी घातलेली ब्लँकेट, खालच्या कप्प्यात सलाईनच्या बाटल्या. भूलयंत्राची तपासणी रोज सकाळी होते. कॉटरीची होते, सक्शनची होते. या कपाटाचे दार उघडते, हात आत जातो, दार बंद होते.

२
भूल दिल्यावर पहिल्या तासाभरात शरीराच्या आतले तापमान एक ते दीड अंशाने उतरते. नातेवाईक एसीला दोष देतात. सुरुवातीची घसरण मात्र शरीराच्या आतच होते. भुलीमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि छातीपोटातली ऊब तिकडे वाहते. त्यानंतर एसीची हवा, उघडे पोट आणि थंड सलाईन आपापला वाटा घेतात.

३
रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांप्रमाणे ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, तापमान २१ अंश, फार तर तीन इकडे किंवा तीन तिकडे. गाऊन, मास्क, टोपी आणि डोक्यावर दिव्यांची उष्णता घेऊन उभ्या असलेल्या सर्जनला ते बरे वाटते. टेबलावरच्या माणसाच्या अंगावर एक पातळ हिरवे कापड असते.

४
१९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अँड्रिया कुर्ट्झ, डॅनियल सेसलर आणि रेनर लेनहार्ट यांचा अभ्यास आला. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेचे २०० रुग्ण. निम्म्यांना नीट उबदार ठेवले, बाकीच्यांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे गार पडू दिले. गार पडलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या जखमेत संसर्ग झाला, उबदार ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांच्या. फरक होता जेमतेम दोन अंशांचा.

त्यानंतर ऊब हा विषय सोयीचा राहिला नाही, उपचाराचा झाला. तरीही आपल्याकडच्या कितीतरी नर्सिंग होममध्ये ऑपरेशन चालू असताना रुग्णाचे तापमान मोजले जात नाही. नाडी दिसते, रक्तदाब दिसतो, ऑक्सिजन दिसतो. तापमानाची जागा मॉनिटरवर असते, पण प्रोब खोक्यात असतो.

५
हिशोब. एक लिटर सलाईन २१ अंशांवरून ३७ वर न्यायला १६ किलोकॅलरी लागतात. ती शिरेत गेली की हा खर्च शरीर करते. पन्नास किलोच्या बाईचे तापमान त्यापायी सुमारे ०.४ अंशाने उतरते. सत्तर किलोच्या पुरुषाचे त्याहून कमी. पाठ्यपुस्तकातला पाव अंशाचा आकडा धडधाकट देहाचा आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात सिझेरियनला येणारी बाई अनेकदा पन्नास किलोंचीही नसते.

६
तेव्हा कपाट हवेच. पुढचे सगळे ते कसे वापरावे याबद्दल आहे.

७
एकाच कपाटात दोन वस्तू, पण दोघींचे तापमान वेगळे. वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ईसीआरआय या अमेरिकी संस्थेने २००५ साली ब्लँकेट आणि द्रव दोन्हींसाठी ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंशांची मर्यादा सांगितली. २००९ साली ब्लँकेटची मर्यादा १३० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ५४ अंशांवर नेली. द्रवाची तशीच ठेवली.

दोन कप्पे, दोन थर्मोस्टॅट, दोन आकडे असलेले कपाट घ्यावे ते यासाठी. एकच कप्पा असेल तर त्यात एकच वस्तू ठेवावी. ब्लँकेटच्या कप्प्यात जागा आहे म्हणून तिथे सरकवलेली सलाईनची बाटली ५४ अंशांची होते, आणि बाहेरून ती शेजारच्या बाटलीसारखीच दिसते.

८
५४ अंशांचे ब्लँकेट भाजत नाही, मग ५४ अंशांची बाटली का भाजते?

ब्लँकेटमध्ये सूत थोडे, हवा जास्त. कपाटापासून टेबलापर्यंत नेता नेताच ते बरेच निवते. पाण्यात उष्णता खूप मावते आणि ती एका तळहाताएवढ्या कातडीतून आत जात राहते. त्यात बाटली मांडीखाली किंवा काखेत दाबली गेली तर तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि आलेली उष्णता वाहून न्यायला कुणी उरत नाही.

घडीचे ब्लँकेट घडीसकट अंगावर ठेवले तर तेही आतून बराच वेळ तापलेले राहते. झटकून, उलगडून, एक पदर पांघरावे.

९
१९४७, हार्वर्ड. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी किती तापमानाला किती वेळात कातडी भाजते ते मोजले. ४४ अंशांना सुमारे सहा तास. तिथून ५१ पर्यंत दर अंशाला वेळ साधारण निम्मा. ६० अंशांना पाच सेकंद.

४४ अंशांचे पाणी हाताला छान कोमट-गरम लागते. आंघोळीला आपण असेच घेतो. मोठ्या ऑपरेशनला सहा तास सहज लागतात.

१०
१९९४. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने निकालात निघालेले भरपाईचे दावे चाळले. रुग्णाला ऊब देण्याच्या साधनांनी भाजल्याची २८ प्रकरणे सापडली. त्यांतल्या १८ मध्ये दोषी होती कपाटात गरम केलेली सलाईनची पिशवी किंवा बाटली. शिरेत देण्यासाठी ठेवलेली, पण अंगाला लावलेली. कुणी ती पायाशी ठेवली होती, कुणी काखेखाली आधार म्हणून.

विजेच्या उपकरणांनी भाजलेले त्याहून कमी होते.

११
रिकव्हरीत ऐकलेले.
‘मावशी, ती बाटली पायाशी नका ठेवू.’
‘अहो डॉक्टर, कापतीय हो ती. पाय बघा, बर्फ झालेत.’
‘तिला पाय कळत नाहीत अजून. स्पायनल उतरलेली नाही. ब्लँकेट आणा, दोन आणा.’
मावशींनी ब्लँकेट आणली. नीट, प्रेमाने पांघरली. बाटलीही त्यांनी प्रेमानेच ठेवली होती.

१२
डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांचे हात-पाय तपासत असत. बोटे झडतात ती कुष्ठाने कुजून नव्हे, वेदना कळत नाही म्हणून, हे त्यांनी दाखवून दिले. गरम भांडे धरले तरी हात मागे येत नाही.

पाठीतून स्पायनल भूल घेतलेल्या बाईचे पाय दोन-तीन तास असेच असतात. पूर्ण भूल दिलेल्या माणसाचे सगळे अंग. पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह असलेल्यांची पावले तर कायमचीच. ‘चटका बसतोय’ हे वाक्य कुणीतरी म्हणेल, या भरवशावर इथे काही करता येत नाही.

१३
बाळंतिणीला शेक, शेगडी, धुरी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली माया. त्या काळी बाळंतीण घरी होत असे आणि तिच्या पाठीत इंजेक्शन नसे. शेक जास्त झाला तर ती ओरडत असे.

सिझेरियननंतरच्या पहिल्या काही तासांत सासूबाईंनी पिशवीतून आणलेली रबरी गरम पाण्याची पिशवी वॉर्डात कुणी तपासत नाही. तपासायला हवी. तीत पाणी घरून किंवा कँटीनमधून भरलेले असते आणि त्याला कसलाच थर्मोस्टॅट नसतो.

१४
आपल्याकडे घरी ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात. १०४ म्हटले की घरात धावपळ. कपाटावर आकडा सेल्सिअसमध्ये असतो: ४०. दोन्ही एकच. शिरेतून द्यायच्या द्रवाला इतपतच तापवावे, ही बऱ्याच पिशव्यांच्या बाबतीत वरची हद्द.

१५
डिस्प्लेवरचा आकडा कपाटातल्या हवेचा असतो. बाटलीच्या पोटातल्या पाण्याचा नव्हे. सकाळी आठला भरलेली लिटरची बाटली नऊला आतून अजून गार असू शकते. हीटरजवळच्या कोपऱ्यातली आकड्यापेक्षा गरम असू शकते. म्हणून महिन्यातून कधीतरी एक बाटली फोडून तिच्यात थर्मामीटर घालून पाहावा आणि ती बाटली टाकून द्यावी. खर्च एका सलाईनचा.

१६
एका थिएटरमध्ये कपाटाच्या दारावर रजिस्टर टांगलेले पाहिले. तारीख, वेळ, तापमान, सही. महिनाभराच्या सगळ्या ओळींत ४०.०. एकाच पेनने, एकाच बैठकीत भरलेले. त्या दिवशी डिस्प्ले ४६ दाखवत होता.

१७
बाटलीवर दोन तारखा हव्यात. छापील एक्स्पायरी असतेच. दुसरी आपण लिहायची: कपाटात कधी ठेवली. एका मोठ्या कंपनीने आपल्या मऊ पिशव्यांसाठी वेष्टन न काढता ४० अंश आणि जास्तीत जास्त १४ दिवस अशी मर्यादा दिली आहे. दुसऱ्या कंपनीची वेगळी, तिसऱ्या प्रकारच्या बाटलीची आणखी वेगळी. मुदत संपली की पिशवी बाहेर. पुन्हा कपाटात नाही.

कारणे साधी आहेत. प्लॅस्टिकमधून पाणी हळूहळू उडते, उरलेले द्रावण दाट होते. ऊब लागली की ते लवकर होते. डेक्स्ट्रोज तापत राहिले की त्यातली साखर बिघडते आणि रंग पिवळसर होतो.

१८
आपल्याकडच्या सलाईनच्या बाटल्यांवर बहुधा छापलेले असते: ३० अंशांच्या वर साठवू नये. म्हणजे ४० अंशांच्या कपाटात ती किती दिवस चालेल, हे लेबल सांगत नाही. कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर कपाटाच्या दारावर चिकटवावे. असे पत्र लिहिणारी एकच इनचार्ज सिस्टर मला माहीत आहे. उत्तर आले. ते लॅमिनेट करून लावले आहे.

१९
मे महिना, चंद्रपूर. पारा ४५ च्या वर. पत्र्याच्या स्टोअररूममध्ये सलाईनची खोकी छतापर्यंत. तिथे थर्मामीटर नाही, रजिस्टर नाही, दार उघडे.

२०
गरम केलेली सलाईन थेंब थेंब चालू असेल तर दीड मीटरच्या नळीतून येता येता ती खोलीइतकी गार होते. रुग्णाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. कपाटातली बाटली कामाची ती धो धो देताना: रक्तस्राव, अपघात, सिझेरियन. हळू देताना ऊब द्यायची असेल तर रुग्णाजवळ, नळीवर बसणारे वॉर्मर लागते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २००८ ची मार्गदर्शिकाही तशीच आहे. शिरेतून द्यायचे ५०० मिलिलिटर किंवा अधिक द्रव आणि रक्त उपकरणातून ३७ अंशांना. पोट वगैरे धुण्याचे पाणी कपाटात ३८ ते ४० अंशांना.

२१
‘सिस्टर, गरम सलाईन!’ पोट धुवायचे आहे. बाऊलमध्ये ओतली. किती गरम? सर्जन ग्लोव्ह घातलेले बोट बुडवतो. दोन ग्लोव्ह घातलेले बोट हा थर्मामीटर नव्हे. निर्जंतुक थर्मामीटर ट्रॉलीवर ठेवायला जागा लागते ती एका चिमट्याएवढी.

२२
रक्त या कपाटात कधीही नाही. पाच मिनिटेही नाही.

ते २ ते ६ अंशांच्या फ्रीजमधून येते आणि तापमानाचा अलार्म असलेल्या वॉर्मरमधून जाते. ४२ च्या वर गेले की तांबड्या पेशी फुटू लागतात, त्यांतले पोटॅशियम बाहेर येते आणि हृदय थांबू शकते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेले रक्त दिल्यावर एक रुग्ण दगावला. मायक्रोवेव्हमध्ये पिशवीचा एक कोपरा उकळतो तेव्हा दुसरा गारच असतो.

डॉक्टर्स रूममधला मायक्रोवेव्ह डब्यातली भाजी गरम करायला आहे. सलाईनलाही तो नको.

२३
कपाटच नाही अशी ठिकाणे पुष्कळ. तिथे बाटली गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात. ऑटोक्लेव्हच्या उरलेल्या उबेवर ठेवतात. सलाईनची नळी गरम पाण्याच्या बाऊलमधून फिरवतात. ही माणसे हुशार आहेत आणि रुग्णासाठीच धडपडतात. पण घमेल्यातले पाणी नळाचे असते आणि बाटलीचे तोंड त्यात बुडते. तापमान कुणालाच माहीत नसते. ऑपरेशनच्या सामानाच्या यादीत एका छोट्या कपाटाची रक्कम घालायला व्यवस्थापनाला भाग पाडणे, हे भूलतज्ज्ञाचे काम आहे.

२४
मॅनिटॉल. मेंदूची सूज उतरवायला देतात. थंडीच्या दिवसांत नाशिक-निफाडकडे बाटलीत साखरेसारखे खडे धरतात. ती गरम पाण्यात ठेवून, हलवून, खडे पूर्ण विरघळवावे लागतात. मग अंगाच्या तापमानापर्यंत निववून फिल्टर असलेल्या सेटमधून द्यावी लागते. तरबेज सिस्टर बाटली उजेडाकडे धरते, तिरकी करते, पुन्हा धरते. घाईच्या रात्रीही.

२५
सीटी स्कॅनच्या खोलीत आणखी एक, छोटे कपाट. त्यात कॉन्ट्रास्टच्या बाटल्या ३७ अंशांना. ऊब मिळाली की औषध पातळ होते आणि शिरेत सहज जाते. इथे मात्र बाटल्यांवर तारखा आहेत. औषध महाग आहे.

२६
कपाटात सापडलेल्या इतर गोष्टी, वेगवेगळ्या ठिकाणी: स्पिरिटयुक्त जंतुनाशक, ‘थंड लागते म्हणून’. बीटाडीन. कुणाचे ओले मोजे. जेवणाचा डबा.

स्पिरिट पेट घेते. बीटाडीन तापवले की त्याची ताकद बदलते. मोजे आणि डबा काढायला सांगितले की लगेच निघतात. स्पिरिट दुसऱ्या दिवशी परत आलेले असते.

२७
९ जानेवारी २०२१ ची पहाट, भंडारा जिल्हा रुग्णालय. नवजात शिशू कक्षातल्या आगीत दहा बाळे गेली.

२८
आग या कपाटातूनही लागू शकते. ते चोवीस तास विजेवर असते. रात्री ओटीत कुणी नसते. मागची जाळी भिंतीला टेकलेली, त्यावर कापसाच्या धाग्यांचा थर, आत ब्लँकेट कोंबलेली, प्लग एक्स्टेंशन बोर्डात आणि त्याच बोर्डात स्टरिलायझर. बायोमेडिकल इंजिनियरने वर्षातून एकदा तरी ते ओढून मागे पाहावे. सिस्टरने आठवड्यातून एकदा.

२९
बोगोटा, १९७८. इन्क्यूबेटर पुरत नव्हते म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. आज ती जगभरची कांगारू पद्धत आहे, मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतही. आईच्या कातडीचे तापमान बाळाच्या गरजेप्रमाणे थोडे वर-खाली होते. नवजात बाळाजवळ गरम पाण्याच्या बाटल्या ठेवू नका, बाळे भाजतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. गरम पाणी भरलेला ग्लोव्ह ही त्याच बाटलीची जात.

३०
गरम हवेच्या ब्लँकेटचे यंत्र. कागदी ब्लँकेट डिस्पोजेबल, म्हणून महाग. म्हणून काही ठिकाणी नुसता पाइप चादरीखाली सोडतात. सगळी हवा एका जागी येते. जांघ भाजते.

३१
घरी पोटाचे डायलिसिस करणाऱ्यांसाठी. दोन लिटरची पिशवी कोरड्या उबेने गरम करावी, त्यासाठी मिळणाऱ्या पॅडवर. गरम पाण्याच्या बादलीत बुडवू नये. ओल्या तोंडातून जंतू थेट पोटात जातात.

३२
हुडहुडी भरलेल्या माणसाचा ऑक्सिजनचा खर्च दुपटीवर जातो. हृदय आधीच दमलेले असेल तर ते आणखी दमते. टाके दुखतात. दुसऱ्या दिवशी पेशंटला विचारले, ऑपरेशनचे काय आठवते? ‘थंडी,’ अनेक जण म्हणतात. दुखणे नंतर सांगतात.

३३
एका सरकारी रुग्णालयात पाहिलेले, मनापासून आवडलेले. कपाटाच्या दारावर जाड अक्षरांत, मराठीत:
वरचा कप्पा ब्लँकेट. खालचा कप्पा सलाईन. अदलाबदल नाही.
ठेवल्याची तारीख बाटलीवर लिहा.
बाटली अंगाला लावायची नाही.
खाली इनचार्ज सिस्टरची सही. वाचायला वीस सेकंद लागतात, आणि रात्रपाळीचे मामाही ते वाचू शकतात. जाडजूड इंग्रजी मॅन्युअल त्याच कपाटाच्या डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले होते.

३४
तुमच्या घरी कुणाचे ऑपरेशन ठरले असेल तर बरोबर मोजे, शाल, अंगभर कपडे न्या. आत नेण्याआधी थंडी वाजत असेल तर सांगा, गार पडलेल्या माणसाला भूल दिली की तो आणखी गार पडतो. ऑपरेशनभर तापमान मोजणार का, हे भूलतज्ज्ञाला विचारा. बाहेर आणल्यावर पाय बधिर असेतो पायाशी गरम काहीही ठेवू नका, कुणाला ठेवू देऊ नका. सिस्टरकडे आणखी एक ब्लँकेट मागा.